कापलेली दोरी, अख्खी दोरी

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली सुती दोरी घेऊन आज दिवसभर जादूच्या खेळावर हात बसवत होतो. आधी दोरीच्या आतला गाभा ओढून काढायचा. मग ती अशी मऊ पडते की बोटांतून सळसळत जाते. नायलॉनच्या वाटेला जाऊ नका, गाठ धरत नाही मेली.

खेळ जुनाच: मधोमध कापलेली दोरी पुन्हा अख्खी. १५८४ साली लंडनात छापलेल्या एका पुस्तकातही नाडी कापून जोडण्याची करामत आहे. गंमत म्हणजे कात्री मध्यावर पडतच नाही. मुठीआड टोकाजवळचाच भाग वर येतो आणि तोच कापला जातो. तो छोटा तुकडा अख्ख्या दोरीभोवती गाठ होऊन बसतो. ती गाठ मुठीतून सरकवत टोकावरून काढायची आणि कात्री खिशात ठेवताना तिलाही पोचवायचं.

संध्याकाळी सोप्यावर आईला दाखवला. म्हणाली, "ती कात्री जाग्यावर ठेव आधी."

शेजारचं पोरगं मात्र "परत, परत" करत बसलं. लागोपाठ तोच खेळ करायचा नसतो, म्हणून तीन लहानमोठ्या दोऱ्या सारख्या होतात तो काढला. आता उद्या शिकायला येतोय, स्वतःची दोरी घेऊन. कपडे वाळत घालायची आणली तर त्याच्या आईने मला विचारू नये!