कोणत्या सालची करायची?

आमच्या उदगीरच्या घराच्या मागच्या पडवीत एक बजाज चेतक उभी होती. अंगावर युरियाचं पोतं, पायदानावर शेजारच्यांची कोंबडी. कोंबडी रोज तिथंच अंडं घालायची आणि ते अंडं कुणाचं यावरून आई आणि शेजारीण दर आठवड्याला एकदा बोलून घ्यायच्या. स्कूटरचा उपयोग तेवढाच उरला होता.

मग गावातल्या तिघांना टीव्हीचं याड लागलं. एका वाहिनीला माहितीपट करायचा होता. हौशी लोक जुन्या गाड्या कशा उभ्या करतात, त्याचा. पुण्या-मुंबईला अशी माणसं पुष्कळ. त्यांच्याकडं विलायती मोटारी असतात, त्या पुसायला वेगळी फडकी असतात. वाहिनीवाल्यांना आडगावातलं काही तरी पाहिजे होतं. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या सरांनी फोनवर छाती ठोकून सांगून टाकलं, "आहे ना, चेतक आहे." चेतक आमची होती, हे त्यांनी आम्हाला नंतर सांगितलं.

सर, एक अडतदुकानदार आणि तरुणपणी एसटीच्या डेपोत उमेदवारी केलेले एक काका, अशी ही टोळी. काकांना इंजिन कळतं, पण एसटीचं. स्कूटरचं इंजिन हातात घेऊन ते म्हणाले, "एवढंच?"

पडवीतच खोलाखोली सुरू झाली. पुढच्या मडगार्डच्या आतून काळ्या मातीची खपली निघाली, चांगली बोटभर जाड. आमच्याकडं पावसाळ्यात ही माती मडगार्ड आणि चाकाच्या मध्ये ठासून बसते आणि चाक फिरायचं थांबतं. मग काडीनं कोरत बसायचं. त्या खपलीत ज्वारीचं अख्खं पान होतं, वाळून कागद झालेलं. कोणत्या सालच्या पावसातलं, कोण सांगणार? सरांनी ते वहीत ठेवलं. अडतवाले म्हणाले, "मालदांडी दिसती," आणि पुन्हा नटबोल्ट रॉकेलात टाकायला लागले.

खरी गंमत रंग घासताना झाली. डाव्या बाजूच्या झाकणावर सर ओला पॉलिश पेपर गोल गोल फिरवत होते. वरचा मरून रंग गेला, तो थोरल्या बहिणीच्या लग्नातला. त्याच्याखाली निळा निघाला, मला आठवतो तो. निळ्याखाली हिरवा, त्याच्याखाली लालसर प्रायमर. आणि अगदी तळाशी, रुपयाएवढ्या जागेत, बदामी. कांदा आडवा चिरल्यासारखी कडी दिसत होती. सर ओरडलेच, "ओरिजनल!"

तो रंग मी कधी पाहिलाच नव्हता. आईनंही नाही, माझ्या वडिलांनी, अण्णांनीही नाही. गाडी १९७८ची, पण अण्णांनी ती १९८६ मध्ये एका ग्रामसेवकाकडून घेतली, साडेसहा हजारांना, आणि तेव्हा ती हिरवी होती. नवी घ्यायची ऐपत नव्हती, आणि ऐपत असती तरी उपयोग नव्हता. १९७२ मध्ये चेतक निघाली आणि पुढं कितीतरी वर्षं लोक पैसे भरून नंबर लागायची वाट बघत बसले. परकीय चलन पाठवणारा कुणी भाऊबंद असेल तर लवकर मिळायची. आमच्या भावकीतला सगळ्यात लांब गेलेला माणूस भिवंडीला होता.

तर प्रश्न असा पडला, की गाडी करायची कोणत्या सालची? सर म्हणाले, कंपनीतून निघाली तशी. त्यांचं शास्त्र पक्कं होतं. मला मात्र हे कोड्यासारखं वाटायला लागलं. आम्ही जिला आमची गाडी म्हणतो ती कंपनीतून निघालीच नव्हती, ती आमच्या अंगणात हळूहळू तयार झाली होती. पुढची डिकी अण्णांनी नंतर बसवली. मागचं लोखंडी कॅरियर गावातल्या लोहारानं केलेलं. सीटचं रेक्झिन तीनदा बदललेलं. आणि डाव्या झाकणावरचा तो पोचा.

पोच्याला इतिहास होता. अण्णा जनावरांच्या दवाखान्यात व्रणोपचारक. सरकारी कागदावर व्रणोपचारक, खेड्यात डॉक्टरसाहेब. लाळ-खुरकुताच्या लसीचा थर्मास पायांमध्ये ठेवून ते वाड्या-वस्त्या पालथ्या घालायचे. एकदा हाळी-हंडरगुळीच्या बाजारात गाडी लावून ते एका बैलाचं खूर बघत होते. शेजारी दुसरा उभा होता, देवणी जातीचा, पांढऱ्यावर काळे ठिपके, चांगला पोसलेला. त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं मागचा पाय झाडला. अण्णा वाचले, झाकण गेलं. "देवणीची लाथ हाय ती," असं अण्णा कुणालाही दाखवायचे. जातिवंत जनावराची लाथ बसणं हासुद्धा मान होता जणू.

काकांनी तो पोचा लाकडी हातोड्यानं आतून ठोकून काढला, वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, घासली. हात फिरवला तर कळेनाही. काम सुरेख होतं, तिथं नाव ठेवायला जागा नव्हती.

मला वाटतं, या हौशी लोकांची एक अडचण असते. त्यांना गाडी आवडते, पण गाडी वापरणारा माणूस आवडतोच असं नाही. तो भोकं पाडतो, तारा गुंडाळतो, सायकलचा आरसा लावतो. जीर्णोद्धार करायचा म्हणजे आधी त्याला हाकलायचं. २०२१ पासून सरकारनंही नियम केलाय. पन्नास वर्षांवरची गाडी, मोठा फेरफार न केलेली असेल तर व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात व्हीए अशी अक्षरं येतात. फी वीस हजार. अण्णांनी ऐकून विचारलं, "म्हंजी तीन चेतकचे पैसे?" आमच्या गाडीला पन्नास व्हायला २०२८ उजाडेल, म्हणून तो खर्च तूर्त वाचला.

शूटिंगला पाच माणसं आली. त्यांना मागं किल्ला पाहिजे होता. उदगीरच्या किल्ल्याशी आमच्या गाडीचा संबंध काय? १७६० मध्ये तिथं मराठ्यांनी निजामाला हरवलं, आणि अण्णा एकदा त्या बाजूला कोंबड्यांची राणीखेतची लस घेऊन गेले होते, एवढाच. पण बदामी स्कूटर आणि काळा बुरूज दिसत होतं झकास, हे कबूल करतो.

पहिल्या किकला चालू झाली. काकांचे डोळे भरून आले आणि टेकाड उतरत पांढरा धूर निघून गेला. दिग्दर्शिका बाई नाराज. "इतकी लवकर नको, आधी दोन-चारदा लागत नाही असं दाखवा." मग काकांनी पेट्रोलचा कॉक बंद करून खोट्या किका मारल्या. कॅमेऱ्यामागून अण्णांना राहवेना. ते काठी टेकत पुढं आले, हँडल धरलं आणि गाडी अंगावर आडवी केली. पूर्वी दवाखान्यासमोर रोज सकाळी करायचे तशी, पार कानात पाणी गेल्यासारखी. "हे कशासाठी?" बाईंनी विचारलं. आमच्यापैकी कुणालाच नीट सांगता येईना. काका म्हणाले, "पेट्रोल खाली येतंय." सर म्हणाले, "तसं नाही ते." अण्णा म्हणाले, "न लागणारी गाडी अशी करतेत, बाई." बाईंना ते इतकं आवडलं की अण्णांना ती चारदा आडवी करायला लावली. ब्याऐंशीव्या वर्षी.

माणसं गेली, गाडी घरी आली. पडवीत ठेवायला जीव होईना, म्हणून बैठकीत, सोफा सरकवून. तिघं रोज संध्याकाळी यायचे आणि तिच्यासमोर चहा प्यायचे. कोंबडी दारातून बघून जायची.

आई पहिले दोन दिवस काहीच बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चहाचे कप ठेवता ठेवता म्हणाली, "हूक कुठाय?"

"कोणता हूक, काकू?"

"पुढचा. पिशवीचा."

सीटच्या पुढं, पायदानाच्या वर, समोरच्या पत्र्यावर अण्णांनी एक हूक बसवला होता. शुक्रवारी बाजारातून येताना मेथी, वांगी, कधी नारळ, सगळं त्यालाच. मी लहानपणी तिथंच उभा राहायचो आणि पिशवी माझ्या गुडघ्यांवर आपटायची. सरांनी समजावलं की तो कंपनीचा नव्हता, म्हणून काढला आणि भोक भरून टाकलं.

"बरं केलं," आई म्हणाली. "मग भाजी कशाला अडकवायची?"

सर वाद घालणारे नाहीत. दुसऱ्या दिवशी ते हूक घेऊन आले, डब्यात जपून ठेवला होता त्यांनी. ड्रिलही आणलं. जागा मोजली, पेन्सिलनं खूण केली, ड्रिल लावलं आणि काढलं. पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. बदामी पत्र्यात सरांचाच चेहरा दिसत होता. काकांनी हात मागं बांधले. अडतवाल्यांना दुकानात काम आठवलं.

अण्णा खुर्चीतून उठले. "आणा इकडं," म्हणाले, आणि पेन्सिलच्या खुणेपासून दोन बोटं डावीकडं सरकून भोक पाडलं.