सरसकट सेंटर करू नका

माझ्याकडे कुणाचीही एक्सेल शीट आली की मी आधी सगळ्या सेल निवडते, कंट्रोल-१ दाबून फॉरमॅट सेल्स उघडते आणि हॉरिझॉन्टल अलाइनमेंट 'जनरल' करून टाकते. पाठवणाऱ्याने हौसेने सगळं मधोमध आणलेलं असतं, ते जातं. पण त्यानंतर शीटमध्ये नेमकं काय भरलंय ते दिसायला लागतं.

जनरलमध्ये एक्सेल मजकूर डावीकडे ठेवतं, आकडे आणि तारखा उजवीकडे, आणि ट्रू-फॉल्स किंवा एरर मधोमध. म्हणजे रकमेच्या कॉलममध्ये एखादा आकडा डावीकडे चिकटलेला दिसला, की तो आकडा नाही, मजकूर आहे. सम (SUM) हे बेरजेचं फंक्शन लावलं तर तो बेरजेत धरलाच जात नाही, आणि एक्सेल तसं सांगतही नाही. कोपऱ्यात हिरवा त्रिकोण येतो खरा, पण कित्येकांनी तो बंद करून ठेवलेला असतो. तारखांचंही तेच. एकाच कॉलममधल्या काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे दिसल्या, तर सॉर्ट करायच्या आधी थांबा. दिवस आणि महिना यांची अदलाबदल झालेली असण्याची दाट शक्यता असते. सगळं सेंटर केलेल्या शीटमध्ये यातलं काही म्हणजे काही दिसत नाही. म्हणून माझा एवढा आग्रह.

मजकूर झालेले आकडे परत आकडे करायला बहुतेक वेळा एवढं पुरतं: कॉलम निवडा, डेटा टॅबमध्ये टेक्स्ट टू कॉलम्स, आणि लगेच फिनिश.

उलट कधी कधी आकडा मजकूर म्हणूनच हवा असतो. एक्सेल १५ अंकांपर्यंतच अचूक असतं, पुढचे अंक शून्य होतात. त्यामुळे १६ अंकी क्रमांक टाकायचा तर आधी सिंगल कोट (') द्यायचा. ही खूण जुनी आहे. १९८३ च्या लोटस १-२-३ या स्प्रेडशीट प्रोग्रॅममध्ये सिंगल कोट म्हणजे डावीकडे, डबल कोट म्हणजे उजवीकडे आणि कॅरेट (^) म्हणजे मधोमध, असं टाइप करतानाच सांगायचे.

आता रुंदी. मजकूर मावला नाही तर शेजारच्या रिकाम्या सेलवर पसरतो. शेजारी काही भरलेलं असलं की तिथेच कापलेला दिसतो. सेलमध्ये तो पूर्णच असतो. आकडा मात्र कधीच पसरत नाही, आणि हे फार योग्य आहे. १२,५०,००० मधले शेवटचे दोन अंक कापले गेले असते तर वाचणाऱ्याने १२,५०० च समजले असते! त्याऐवजी ##### येतं. कॉलमच्या कडेवर डबल क्लिक करा, आकडा तिथेच आहे. जनरल फॉरमॅटमध्ये मात्र अरुंद कॉलममध्ये दशांश गुपचूप कमी दिसतात, तिकडे लक्ष असू द्या.

शीर्षकासाठी मर्ज अँड सेंटर (अनेक सेल जोडून एक करणं) वापरू नका, ही माझी कळकळीची विनंती. मर्ज केलं की फक्त डाव्या वरच्या सेलमधला मजकूर उरतो, सॉर्ट अडतं, आणि रॅप टेक्स्ट (मजकूर सेलमध्येच पुढच्या ओळीवर नेणं) असूनही रो आपोआप उंच होत नाही. फॉरमॅट सेल्सच्या त्याच अलाइनमेंट टॅबमध्ये, हॉरिझॉन्टलखाली 'सेंटर अक्रॉस सिलेक्शन' आहे. दिसायला अगदी तसंच दिसतं आणि सेल सुट्या राहतात.

मी स्वतः सेंटर करते ते फक्त 'हो/नाही'सारखे कॉलम किंवा सारख्या लांबीचे छोटे कोड, आणि तेही सगळी तपासणी संपल्यावर.