बाळंतीण मनी आणि पुलाचं पाणी

मांजर व्यायली की सगळं घर पिल्लांभोवती गोळा होतं आणि बाळंतीण बाजूला राहते. मला हे पटत नाही. पहिले तीन-चार आठवडे पिल्लांसाठी आपल्याला जे करता येतं, ते बहुतेक आईच्या ताटलीतूनच. ती पोटभर जेवली आणि निवांत झोपली, की बाकीचं ती बघते. पिल्लांना चाटून चाटून शी-शू करायला लावण्यापासून सगळं.

आमची मनी सांगलीच्या गावभागातल्या घरी, जिन्याखालच्या कोनाड्यात जुन्या गोधडीवर व्यायली. चार पिल्लं. सासूबाईंनी लगेच बजावलं, "तिला उगाच त्रास द्यायचा नाही. आणि मागेल तेवढं खायला घालायचं, बाळंतीण आहे ती." डॉक्टरांचं म्हणणं वेगळं नव्हतं. दूध पाजणाऱ्या मांजरीला एरवीच्या दुप्पट-तिप्पट खाणं लागतं. म्हणून तिला पिल्लांचंच कॅटफूड सुरू केलं, जोडीला बिनमिठाचं उकडलेलं चिकन, आणि पाण्याचं भांडं कायम भरलेलं. शेजारच्या काकू मायेने वाटीभर दूध आणायच्या. पुष्कळ मांजरांना गाईम्हशीचं दूध पचत नाही, जुलाब होतात. काकूंना म्हटलं, "दूध नको, त्यापेक्षा अंडं उकडून आणा." मग रोज अंडं येऊ लागलं.

मनी जेवायला उठली की स्वयंपाकघरातल्या काट्यावर वाटी ठेवून एकेका पिल्लाचं वजन घ्यायचे. जन्मताना पिल्लू साधारण 100 ग्रॅमचं असतं आणि रोज 10 ग्रॅमच्या आसपास वाढायला हवं. करड्या पिल्लाचा आकडा जागचा हलेना. बाकीची त्याला ढकलून द्यायची. म्हणून इतर तिघं झोपली की त्याला एकट्याला सडाला लावून शेजारी बसायचे. पिल्लू खरंच दूध ओढतंय की नुसतं तोंडात धरून आहे, हे त्याच्या कानांवरून कळतं. दूध घशाखाली जात असलं की इवलेसे कान तालात मागेपुढे हलतात. करड्याचे कान तसे हलायला लागले आणि मग काट्यावरचा आकडाही.

पिल्लांचे डोळे उघडत होते आणि कोयनेतून पाणी सोडल्याच्या बातम्या सुरू झाल्या. पावसाळ्यात आमच्याकडे माणसं एकमेकांना आधी हेच विचारतात, "पुलाला किती फूट झालं?" कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. 2019 ला पाणी 57 फुटांवर गेलेलं आम्ही पाहिलंय. त्यामुळे नदीकाठच्या सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर या सखल वस्त्यांत पाणी आल्याचं कळताच, वाट न बघता मनीला माडीवर हलवायचं ठरवलं. एवढ्या लहान पिल्लांना अंगची ऊब धरून ठेवता येत नाही, ओलसर गारठाच त्यांचा जीव घेतो.

गोधडी मुद्दाम धुतली नाही. तिचा वास हीच त्यांची ओळखीची जागा. मनीच्या डोळ्यांदेखत पिल्लं टोपलीत घेतली आणि जिना चढले. ती ओरडत मागोमाग आली. खोक्यात सगळी ठेवून वळते तोवर तिने एकाला मानेला धरून पुन्हा खाली नेलंच. सासूबाई म्हणाल्या, "मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं, हे तर दुसरंच." नवऱ्याने कोनाड्याला फळी लावली. मी वर दिवा मालवला, खाणं, पाणी आणि मातीचा ट्रे ठेवून दार ओढून घेतलं. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवली होती, म्हणजे जास्त वाटलं तर पिल्लांना सरकता येईल. बऱ्याच वेळाने कान लावला तर आत मनीची घरघर चालू होती. पाणी आमच्या दारापर्यंत आलं नाही, पण तिला परत खाली आणलं नाही.

पुढे एक सड लाल, कडक आणि गरम लागायला लागलं. पिल्लाने तिथे तोंड लावलं की मनी गुरगुरून उठायची. त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी अँटिबायोटिक दिलं, कोमट फडक्याने शेकायला सांगितलं. "घरातली पॅरासिटामॉल अजिबात देऊ नका, मांजराला ती विषच आहे," हे दोनदा बजावलं. आणखी एक सांगितलं: ती थरथरायला लागली, धापा टाकायला लागली किंवा पाय ताठ टाकत चालली, तर अंगातलं कॅल्शियम उतरलंय समजून तडक घेऊन या. तशी वेळ आली नाही, पण रोज संध्याकाळी तिची चाल बघायचे.

चार आठवड्यांनंतर पिल्लं आईच्या ताटलीत तोंड घालू लागली. जंताचं औषध आणि पहिली लस डॉक्टरांच्या वेळापत्रकाने झाली. आठ आठवडे उलटल्यावर दोन पिल्लं जोडीने मिरजेला गेली, एक काकूंकडे. करडं आमच्याकडेच. दूध पाजत असतानाही मांजर पुन्हा गाभण राहू शकते, म्हणून तोवर मनीला बाहेर सोडलं नव्हतं. दूध आटल्यावर तिची नसबंदी करून घेतली.