रोजनिशी : आगगाडीच्या खिडकीतून

जुन्या जपानी रहस्यपटांची ओढ कशाची, याचं उत्तर माझ्यापुरतं आगगाडीत आहे. खून आणि संशयित कुठेही सापडतात. पण तपास रेल्वेच्या वेगानं चालतोय आणि सगळं डब्याच्या खिडकीपाशी येऊन ठेपतंय, ही गंमत तिथलीच.

दिग्दर्शक योशितारो नोमुरांचा 'हारिकोमी' (1958) घ्या. दोन पोलीस रात्री योकोहामाला गाडी पकडतात आणि पार दक्षिणेच्या क्यूशू बेटावरच्या सागापर्यंत जातात. बसायला जागा नाही, डब्यात उकाडा, माणसं बनियनवर. दहा मिनिटांहून जास्त वेळ नुसता प्रवास, आणि मग पडद्यावर चित्रपटाचं नाव! हा भाग पुढे ढकलू नये. नंतर समोरच्या माडीवरून एका घरावर दिवसेंदिवस पाळत ठेवायची आहे. तो कंटाळा आपल्यालाही जाणवायचा तर आधी हा शीण अंगात मुरावा लागतो.

दिग्दर्शक अकिरा कुरोसावांचा 'तेन्गोकु तो जिगोकु' (1963) बंद खिडकीवर उभा आहे. मूल पळवलंय ड्रायव्हरचं, खंडणी मागितलीय त्याच्या मालकाकडे, आणि पैसे गाडीतून टाकायचे आहेत. कोदामा एक्स्प्रेस वातानुकूलित, खिडक्या उघडतच नाहीत. हातपाय धुण्याच्या जागेची तेवढी 7 सेंटिमीटर उघडते. म्हणून अपहरणकर्ता 3 कोटी येन त्याहून कमी जाडीच्या दोन बॅगांत भरायला लावतो. साकावा नदीच्या पुलापाशी मूल दिसेल, पूल ओलांडला की बॅगा टाकायच्या. पोलीस गाडीतच आहेत, पण उतरणार कसे? पुढून-मागून 8 मिमी कॅमेऱ्यानं चित्रण करणं, एवढंच त्यांच्या हातात उरतं. काय बिनतोड बेत आहे!

नोमुरांच्याच 'सुना नो उत्सुवा'त (1974) खिडकी उघडी आहे. खुन्याचा रक्ताळलेला शर्ट बारीक कातरून चूओ रेल्वेमार्गावर गाडीतून उधळलेला. बघणाऱ्याला वाटतं, कागदाचे कपटे. तरुण पोलीस रुळांच्या कडेनं चालत ते तुकडे शोधतो. बारमधल्या लोकांच्या कानावर पडलेला 'कामेदा' हा शब्द आणि तोहोकूकडचा, म्हणजे ईशान्य जपानचा हेल, एवढ्यावर पोलीस तिथल्या अकिता प्रांतातलं कामेदा गाठतात आणि हात हलवत परततात. तसाच हेल थेट पश्चिमेला, इझुमो भागातही आहे, हे कळल्यावर तपासाची दिशाच फिरते.

शेवटची साधारण 40 मिनिटं मी शब्दांत पकडू शकत नाही. पोलिसांची बैठक, पियानोची मैफल आणि कुष्ठरोगी बापाची लेकासोबत गावोगावची पायपीट, तिन्ही एकात एक. रोग्यांना समाजापासून तोडणारा कायदा जपाननं 1996 साली रद्द केला, हे ठाऊक असेल तर ती पायपीट फार लागते.

पाहायचे तर मूळ जपानी आवाजातच. डबिंगमध्ये हेलाचा धागाच तुटतो. आणि कडा कापून चौकोनी केलेली प्रत नको. कुरोसावांच्या चित्रपटात मालकाच्या दिवाणखान्यात पैसे द्यायचे की नाही यावर वाद चालतो, तेव्हा ज्याचं मूल पळवलंय तो ड्रायव्हर कडेला मान खाली घालून उभा असतो. कड कापली की तो दिसत नाही, आणि मालकाचा पेच नुसता पैशाचा हिशेब वाटू लागतो.