नस काढलेली दाढ

"नस काढली म्हणता, मग दुखतंय कशाला? उपटून टाका की मॅडम!"

हे काका एसटीतून निवृत्त झालेले. वरची डावी पहिली मोठी दाढ, रूट कॅनल दुसरीकडे झालेलं. कोल्हापुरात मी फक्त हेच काम करते, त्यामुळे असे वैतागलेले पेशंट रोजचेच.

नस काढली तरी मुळाभोवतीचा अस्थिबंध जिवंत असतो, त्याला दाब कळतो. थोडे दिवस ठणकणं, फिलिंग उंच राहून चावताना लागणं नेहमीचंच. सायनसची सूज किंवा जबड्याचा आखडलेला स्नायूही दाढदुखीचं सोंग घेतो. पण काका म्हणाले, गार पाण्याने चूळ भरली की कळ थेट मस्तकात जाते. नस नसलेल्या दाढेला गार कळायलाच नको. शेजारच्या दाढांना गार फवाऱ्याचा बोळा लावला, कळ आली आणि लगेच विरली. या दाढेला लावला तर काकांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

आधीचा एक्स-रे देखणा होता. तीन मुळं, टोकापर्यंत तीन पांढऱ्या रेषा. तो दाखवून 'सगळं व्यवस्थित आहे' म्हणत गोळ्या लिहून देणं सोपं, आणि तेच झालं होतं. पण या दाढेच्या पुढच्या, गालाकडच्या मुळात निम्म्याहून अधिक वेळा दोन कॅनल, म्हणजे नसेच्या नळ्या, असतात. एक्स-रेत ते एकामागे एक झाकले जातात. सीबीसीटीत, म्हणजे त्रिमितीय एक्स-रेत, त्या मुळातलं गटापर्चा (कॅनलमध्ये भरलेलं रबरासारखं द्रव्य) मधोमध नव्हतं, गालाकडे सरकलेलं होतं. म्हणजे टाळ्याकडे कोणीतरी राहिलं होतं.

भूल, दाढ वेगळी ठेवणारा रबराचा पडदा (रबर डॅम), मायक्रोस्कोप. दाढेच्या आतल्या पोकळीच्या तळावर पहिल्या कॅनलपासून टाळ्याकडे एक पुसट रेघ जाते, तिच्यावर डेंटिनचा, म्हणजे दाताच्या आतल्या कठीण थराचा, ओठ आलेला असतो. अल्ट्रासॉनिक टिपने, म्हणजे वेगाने थरथरणाऱ्या बारीक टोकाने, तो कणाकणाने खरवडायचा. घाई केली तर दाढेला भोक. हायपोक्लोराइटचा, म्हणजे नसेचा अंश विरघळवणाऱ्या जंतुनाशकाचा, थेंब सोडला, एका जागी बारीक बुडबुडे आले. तिथे आठ नंबरची फाइल (सुईसारखी बारीक कानस), टोक 0.08 मिलिमीटरचं, अडकली. बाहेर काढली तर टोकाला ताजं रक्त. नस जिवंत होती!

माझी खुशी मेथिलिन ब्ल्यू, म्हणजे तडे दाखवणारा निळा रंग, लावेपर्यंतच टिकली. मागच्या कडेवरून एक निळी रेघ खाली उतरत होती. तडा. सीबीसीटीत तो दिसला नव्हता, गटापर्चाच्या चकाकीत असल्या बारीक रेषा हरवतात. केसपेपरवर 'व्यसन: नाही'. खोदून विचारलं तेव्हा कळलं, काका दाढेखाली सुपारी फोडतात. "सुपारी कसलं व्यसन?"

ती राहिलेली नस काढली, गार लागणं आता पूर्ण थांबलंय. पण त्या कडेवर चावून सोडताना अजून बारीक कळ येते. हिरडीत कुठे खोल खड्डा नाही आणि रेघ तळाच्या जरा वर थांबलेली दिसते. दिसते तिथपर्यंतच माझी खात्री. एक मित्र म्हणतो, काढ आणि इम्प्लांट कर, कशाला वेळ घालवतेस. वेळेचा हिशेब त्याचा बरोबर आहे, दाढेचा नाही.

सध्या तात्पुरती कॅप आहे, पक्की मी अजून बसवलेली नाही. सुपारी काकांनी सोडलेली नाही. आता अडकित्त्याने कातरतो म्हणतात.