नाव का नाही काढून टाकत?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. ऑफिसात, सासरी, कॉलेजच्या ग्रुपवर, सगळीकडे तेच: मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या प्रार्थनाविधीला, जात नाहीस, विश्वास उरला नाही म्हणतेस, मग स्वतःला कॅथलिक कशाला म्हणवतेस, नाव काढून टाक की.

अहो, केला होता प्रयत्न. २०११ मध्ये, सव्वीस वर्षांची होते, माझा बाप्तिस्मा झाला त्या पॅरिशला, म्हणजे तिथल्या स्थानिक चर्चला, नाव काढा म्हणून पत्र दिलं. पंधरा दिवसांच्या बाळाला कोणी विचारलं होतं का, वगैरे तावातावाने. फादरनी सगळं वाचलं आणि म्हणाले, समासात तुझं म्हणणं लिहून ठेवता येईल, पण नोंद खोडता येणार नाही, ती घडलेल्या गोष्टीची आहे. २००९ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी लग्नाच्या नियमांतून 'रीतसर चर्च सोडलेल्यां'ची सवलतसुद्धा काढून टाकली, हेही त्यांनीच सांगितलं. बाप्तिस्म्याचा ठसा आत्म्यावर कायमचा राहतो, पापामुळे त्याचं फळ हातचं जाईल पण ठसा पुसत नाही, म्हणून बाप्तिस्मा दुसऱ्यांदा देतच नाहीत. मला तेव्हा ही निव्वळ अडवणूक वाटली.

मग भावाची मुलगी झाली, अठ्ठाविसाव्या आठवड्यात, नऊशे ग्रॅम. जुलैची रात्र, अंधेरीचा सबवे भरलेला, फादर पलीकडे अडकलेले. भाऊ खाली वहिनीजवळ, तिचं ब्लीडिंग थांबत नव्हतं, आणि वर एनआयसीयूत, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, बाळाजवळ मी एकटी. भावाचा फोन आला, तू कर, आता कर. अशा वेळी कोणीही करू शकतं, बाप्तिस्मा न झालेला माणूससुद्धा, फक्त पाणी, ते शब्द आणि चर्च जे करतं तेच करायचा हेतू हवा. ड्युटीवरच्या सिस्टर हिंदू होत्या, म्हणाल्या, मी करू का ताई, मागे एकदा केलंय. माझी अगदी सहज सुटका झाली असती. मी म्हटलं, नको, मीच करते. सिस्टरनी बाळाची टोपी मागे सरकवली, सिरिंजमध्ये स्टराइल वॉटर भरून दिलं, काचेच्या पेटीच्या गोल खिडकीतून हात आत घालून मी तीनदा पाणी सोडलं, 'पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने' म्हणताना घसा पार कोरडा पडला होता. पाणी कपाळावरून कानाकडे ओघळलं आणि टोपीच्या कडेत जिरलं.

म्हणजे मनात विश्वास होताच ना, असं लगेच म्हणू नका. नव्हता, निदान मला तरी सापडला नाही. पण हेतू होता, अगदी शंभर टक्के, आणि तो कुठून आला ते मला आजही सांगता येत नाही. आणि हो, तिलाही कोणी विचारलं नव्हतं, मीच नाही विचारलं. सव्वीस वर्षांच्या मला यावर काय उत्तर द्यायचं ते माझ्याकडे नाही, तिचा मुद्दा अजून बरोबरच वाटतो.

पोरगी वाचली. चार महिन्यांनी चर्चमध्ये उरलेला विधी झाला, तेल, पांढरं वस्त्र, मेणबत्ती. पाणी मात्र फादरनी घातलं नाही. म्हणाले, ते झालंय, आणि रजिस्टरमध्ये बाप्तिस्मा देणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव लिहिलं.

मिस्साला अजूनही जात नाही. नाव काढायचं पत्रही पुन्हा दिलेलं नाही.