टंबलर, सिअर, ब्रायडल: आधी धरायचं, मग घासायचं

चकमकीच्या रायफलच्या लॉकच्या, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेच्या, पाटीचं काम आटोपलं. बाहेरची बाजू सपाट झाली, कडांचा उतार दोन्हीकडे सारखा उतरला आणि रंजकाची (पेटवणीच्या दारूची) वाटी पाटीला घट्ट बसली. आता पाटीच्या आतल्या बाजूचे बारके भाग हातात घेतलेत: टंबलर (घोड्याबरोबर फिरणारा, खाचा असलेला भाग), सिअर (त्या खाचेत अडकून घोडा रोखणारा), ब्रायडल (टंबलरवरची पातळ कमान) आणि त्यांचे स्क्रू. पाटी झाली म्हणजे अवघड काम सरलं, असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. पाटी लांबरुंद असते, व्हाइसमध्ये हवी तशी आवळता येते. टंबलर चिमटीत मावतो, एका बाजूला जाड दांडी, दुसऱ्या बाजूला बारीक दांडी, आणि सरळ धरायला एकही कड नाही. इथे कानस चालवण्याचं कसब उपयोगी पडतं ते तुकडा आधी नीट धरलेला असेल तरच. म्हणून ही पूर्ण नोंद धरण्यावरच आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: मी पूर्व पेनसिल्व्हेनियात राहतो आणि अठराव्या शतकातल्या लँकेस्टर घाटाची, तोंडाकडून भरायची चकमकीची लांब रायफल करतोय. अमेरिकेच्या १९६८ च्या केंद्रीय कायद्यात अशी नक्कल पुराणवस्तूंच्या वर्गात मोडते, पण राज्याराज्यांचे नियम वेगळे असू शकतात, ते ज्याने त्याने पाहून घ्यावेत. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदूक किंवा तिचे भाग बनवायला परवाना लागतो. तिथल्या मंडळींनी या पद्धती घड्याळाच्या, कुलपाच्या किंवा वाफेच्या इंजिनाच्या मॉडेलच्या भागांसाठी वापराव्यात. धरण्याचं तंत्र तिथेही हेच आहे.

लॉकचे भाग मी ओतीव संचातून घेतले. ही काही आजची पळवाट नाही. लँकेस्टरचा जेकब डिकर्ट (१७४०–१८२२) आणि त्याच्या काळातले कारागीर नळी, दस्ता, पितळेचं काम आपल्या दुकानात करत, पण लॉक बऱ्याचदा इंग्लंड किंवा जर्मनीतून आलेलं वापरत. त्याच सुमारास आपल्याकडे महादजी शिंद्यांच्या पदरी असलेल्या द बॉयन या युरोपीय सेनानीच्या पलटणींसाठी आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉट माणसाच्या हाताखाली चकमकीच्या बंदुका बनत होत्या. तिथल्या प्रत्येक लॉकचा टंबलर कुणीतरी हातानेच घासून बसवला असणार. त्या कारागिरांची नावं कुठे नोंदलेली दिसत नाहीत, याची मला खंत वाटते.

आता व्हाइस. आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला शिकवतात की व्हाइसच्या जबड्यांचा माथा कोपराच्या उंचीला हवा. मोठ्या कानशीला ते अगदी बरोबर, कारण तिथे अंगाचा जोर लावायचा असतो. टंबलरला जोर नको, नजर हवी. बेंचवरच्या मोठ्या व्हाइसमध्ये मी एक छोटा व्हाइस उभा धरलाय, त्याने काम जवळजवळ छातीपर्यंत वर येतं. वाकावं लागत नाही आणि कानस आडवी सरळ जाते की कलते, ते कडेने दिसतं.

व्हाइसच्या कडक जबड्यांवर खवल्यांची नक्षी असते, ती मऊ पोलादावर उमटते. त्यासाठी तांब्याचे दीड मिलिमीटर जाडीचे पत्रे काटकोनात वाकवून जबड्यांवर बसवलेत. वापरून वापरून तांबं कडक होतं. मग ते लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवायचं, पुन्हा मऊ पडतं. पोलादाला हेच केलं तर ते उलट कडक व्हायचं, तांब्याला ही सवलत आहे. तांब्यात रुतून बसलेला पोलादाचा कीस मात्र दर वेळी ब्रशने झाडावा, तो नव्या तुकड्यावर ओरखडे पाडतो.

घासायची जागा जबड्यांच्या वर एका सुताहून (इंचाच्या आठव्या भागाहून) जास्त ठेवायची नाही, हा एक नियम मी कुठेच मोडत नाही. तुकडा जास्त वर राहिला की थरथरतो. किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि पृष्ठभागावर बारीक लाटा उमटतात. असा आवाज आला की बरेच जण कानस बदलतात. आधी तुकडा खाली सरकवून पाहा.

आता टंबलर. याला जबड्यात थेट धरायचंच नाही, त्याच्यासाठी पितळेची बैठक करायची. मी साधारण एक इंच लांबीचा चौकोनी पितळी ठोकळा घेतला. वरच्या चेहऱ्याला गुण्यात, म्हणजे काटकोनात, भोक पाडलं आणि टंबलरची दांडी जेमतेम जाईल इतकं रीमरने (भोक नेमक्या मापाला आणणाऱ्या हत्याराने) साफ केलं. मग ठोकळ्याच्या एका टोकाकडून करवतीने चीर पाडत भोकाच्या किंचित पलीकडे नेली. हा ठोकळा व्हाइसमध्ये आवळला की चीर मिटते आणि भोक दांडीला सगळीकडून धरतं. जबड्यांचा सगळा दाब पितळेवर येतो, टंबलरवर ओरखडाही उठत नाही. टंबलरचा खालचा चेहरा ठोकळ्याच्या चेहऱ्यावर टेकलेला असतो, म्हणून वरचा चेहरा ठोकळ्याला समांतर घासला की काम गुण्यात येतं. भोक ड्रिल प्रेसवरच पाडावं. ते कललं तर बैठकीचा काही अर्थ उरत नाही.

यात एक अडचण असते. दांडी गोल आहे, त्यामुळे कडेवर कानस लावली की टंबलर गरकन फिरायला बघतो. नुसतं जास्त आवळून हे थांबत नाही. ठोकळ्यात तीन मिलिमीटरचा पोलादी खुंटा ठोकून घ्या, असा की टंबलरचा आकडा, म्हणजे मेनस्प्रिंग जिथे टेकते तो भाग, त्याला जाऊन अडेल. कानस नेहमी खुंट्याच्या दिशेने ढकलायची. कानस पुढे जातानाच कापते, तेव्हा तो जोरच तुकड्याला खुंट्यावर दाबून धरतो. दिशा बदलायची असेल तर खुंटा दुसऱ्या बाजूला हवा, म्हणून दोन भोकं पाडून ठेवली आणि खुंटा लागेल तसा हलवतो. ठोकळ्याचं डोकंही टंबलरपेक्षा अरुंद केलंय. कडेवर घासताना कानस पितळेत शिरत नाही, आणि पितळ दातांत भरून पोलाद ओरबाडलं जात नाही.

वरच्या चेहऱ्यावर बारीक दांडी उभी असते, तिला धक्का लागता कामा नये. इथे एका कडेला दात नसलेली पिलर (अरुंद, जाडसर) कानस वापरायची, बिनदाती कड दांडीकडे ठेवून. चेहऱ्याचा एक भाग घासला की टंबलर थोडा फिरवून पुन्हा आवळायचा, म्हणजे दांडीभोवती सपाट पट्टे पडत नाहीत. उलट बाजूसाठी बारीक दांडीच्या मापाची दुसरी बैठक लागते. ती करायचा कंटाळा येतो, पण ती नसेल तर दोन चेहरे एकमेकांना समांतर येणं अवघड आहे.

तपासायला मेणबत्तीची काजळी. पाटीच्या आतल्या बाजूला काजळी धरायची, टंबलर भोकात घालून हाताने एकदा फिरवायचा आणि काढून बघायचं. काळं लागलं तिथे उंचवटा. तेवढंच घासायचं, काजळी पुसून पुन्हा धरायची. शेवटी चेहऱ्यावर सगळीकडे सारखा करडा रंग आला, तो बघताना फार बरं वाटलं.

सिअरची बैठक वेगळी. त्याचा एक हात आडवा बाहेर येतो, ट्रिगरकडे जाणारा, आणि तो कुठल्याच जबड्यात बसू देत नाही. चपट्या पोलादी पट्टीला त्या हाताएवढी खाच पाडली, सिअरच्या भोकाच्या जागी आटे पाडले आणि सिअर त्याच्याच मापाच्या स्क्रूने पट्टीवर बसवला. स्क्रूखालचा वॉशर सिअरपेक्षा लहान हवा, म्हणजे कानशीच्या वाटेत येत नाही. इथेही खुंटा लागतो, कारण भोकाभोवती हाही फिरतो. या पट्टीवर मी फक्त दोन्ही सपाट चेहरे आणि हाताचा बाक घासला. सिअरचं नाक, जे टंबलरच्या खाचेत बसतं, त्याला कानस लावलेली नाही आणि लावणार नाही. अर्धा घोडा चढवलेला असताना बंदूक सुटू न देणारी गोष्ट या लॉकमध्ये तेवढी एकच आहे. त्या दोन पृष्ठभागांचं काम कडकपणा दिल्यावर दगडावर, अगदी बेताने, आणि अनुभवी माणसाच्या नजरेखाली करायचं.

ब्रायडल हा मला या सगळ्यात आवडता भाग. टंबलरवरून कमानीसारखा जाणारा, पातळ, आणि लॉक उघडल्यावर सगळ्यात आधी दिसणारा. पण पातळपणामुळेच तो फसवतो. व्हाइसमध्ये आवळला की डोळ्याला दिसणार नाही इतका वाकतो. त्या वाकलेल्या अवस्थेत तुम्ही चेहरा सपाट करता, आणि जबडे सैल केले की ब्रायडल मूळ आकारात येतो आणि चेहरा बाकदार होतो. मग काजळी एका टोकाला लागते, दुसऱ्याला नाही, आणि कारण सापडत नाही.

त्याला कुठूनही न दाबता धरायचं असेल तर लाख. आपल्याकडचे सोनार लाखेवर दागिना बसवून काम करतात, घड्याळजीही चाकं आणि दांड्या लाखेने चिकटवून लेथवर धरतात. मी जाड पितळी ठोकळा हॉट प्लेटवर गरम केला. लाखेची कांडी टेकवली की ती मधासारखी पसरेल इतकाच तापवायचा. धूर येऊ लागला तर लाख जळतेय, थांबायचं. ब्रायडलही शेजारी कोमट करून घेतला, कारण थंड धातूवर लाख नुसती बसते, धरत नाही. मग तो लाखेवर ठेवला, लाकडाच्या काडीने दाबला, कडांतून लाखेची बारीक रेघ बाहेर आली, आणि तसाच निवू दिला. पाण्याने गार करू नये, लाखेला तडे जातात.

निवलेली लाख सारखा दाब छान सहन करते, पण आडवा टोला सहन करत नाही. म्हणून कानस बारीक दाताची, हात लांब आणि हलका, आणि दिशा ब्रायडलच्या लांबीची. दातांना खडू फासून ठेवला की कीस दातांत अडकून ओरखडे पडत नाहीत. ब्रायडलचे पाय पाटीवर टेकतात, ते दोन्ही एका पातळीत हवेत. त्यासाठी तो उलटा चिकटवला. काढताना ठोकळा पुन्हा गरम केला, ब्रायडल चिमट्याने उचलला आणि उरलेली लाख स्पिरिटमध्ये विरघळवली. सुपरग्लूनेही हे होतं आणि पटकन होतं, पण पातळ सांध्यात ॲसिटोन आत शिरायला फार वेळ घेतं. घाई नसेल तर लाखच बरी.

स्क्रूंचं काम सोपं आहे. पोलादी ठोकळ्याला स्क्रूच्या मापाचे, ६-३२ चे (अमेरिकन इंची माप) आटे पाडले, भोकातून आरपार करवतीची चीर पाडली, स्क्रू त्यात फिरवून ठोकळा व्हाइसमध्ये आवळला. आटे दबत नाहीत, डोकं वर मोकळं राहतं. त्याची उंची, गोलाई, खाच सगळं तिथेच.

पिना घासायला हँड व्हाइस, म्हणजे हातात धरायचा छोटा व्हाइस. फणसाच्या नाही तर मेपलच्या, कुठल्याही टणक लाकडाच्या ठोकळ्याला उथळ खोबणी पाडायची, पिन त्यात टेकवायची, डाव्या हाताने हँड व्हाइस आपल्याकडे फिरवत राहायचं आणि उजव्या हाताने कानस पुढे ढकलायची. दोन हात उलट दिशेने चालले की पिन गोल राहते. इथे लेथ असूनही मी हे हातानेच करतो, कारण पिन भोकात शिरायला किती उरली ते बोटांना कळतं.

सध्या टंबलर पाटीत मोकळा फिरतोय, ब्रायडल त्याला न चिमटता बसलाय, सिअर आपल्या स्क्रूवर सैल न होता हलतोय. घोडा अजून ओतीव अवस्थेत आहे. त्याच्या गोल बुडाला दोन्ही बाजूंनी कडक केलेल्या चकत्या लावून कानस फिरवायची आहे. कानस चकत्यांवर घसरते आणि मधलं मऊ पोलाद तेवढंच गोल होतं. चकत्या मधल्या स्क्रूवर मोकळ्या फिरायला हव्यात, नाहीतर एकाच जागी झिजतात. चकत्यांसाठी ड्रिल रॉडचे (कडक करता येणाऱ्या पोलादी कांडीचे) तुकडे कापून ठेवलेत, त्यांना तापवून तेलात बुडवायचं बाकी आहे. घोड्याचं चौकोनी भोक टंबलरच्या चौकोनी टोकावर बसवण्याचं काम त्यानंतर, आणि त्यासाठी कोणती बैठक बरी पडते हे कुणी करून पाहिलं असेल तर जरूर सांगा.